खटला सरकारचा, मग पीडित कुणाचा?

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास उभे राहिलात तर एक दृश्य हमखास दिसते. आरोपीचा वकील आलेला असतो, सरकारी वकील फायली चाळत असतात, पोलीस हवालदार पुकाऱ्याकडे कान लावून असतो. आणि भिंतीला टेकून एक आई उभी असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, मुलाचा फोटो. गुन्हा घडला तो तिच्या घरात, पण तिला विचारले की, "खाला, आज कोर्टात काय आहे?" तर ती म्हणते, "ठाऊक नाही बेटा, तारीख आहे एवढेच सांगितले."

कायद्याच्या भाषेत तिचा खटला तिचा नसतोच. कागदावर लिहिलेले असते, 'सरकार विरुद्ध अमुक आरोपी'. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून तो चालवायची जबाबदारी सरकारची, हा विचार चुकीचा नाही. गरीब माणसाला बलवान गुन्हेगाराशी एकट्याने लढावे लागू नये, हाच त्यामागचा हेतू आहे. पण या व्यवस्थेत ज्याच्यावर आघात झाला तो माणूस हळूहळू बाजूला पडला. साक्ष देण्यापुरते त्याला बोलवायचे, साक्ष झाली की घरी पाठवायचे. तपास कुठवर आला, आरोपीला जामीन का मिळाला, खटला मागे का घेतला गेला, हे त्याला सांगणे कुणावर बंधनकारक नव्हते.

1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. या कायद्यांवर मतमतांतरे पुष्कळ आहेत. पण भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या आईला या बदलातून काय मिळाले आणि कायदे करणाऱ्यांनी तिच्या वतीने काय विचारायचे राहून गेले, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे. कारण संकट सांगून येत नाही, आणि आले की कायदा वाचायला वेळ नसतो.

इथवरचा प्रवास

पीडिताला हक्क मिळाले ते एका दिवसात नाही. 1996 साली विधी आयोगाने आपल्या 154 व्या अहवालात पीडितांच्या भरपाईसाठी स्वतंत्र योजना असावी अशी शिफारस केली. त्यानंतर न्यायमूर्ती मलिमथ यांच्या समितीने 2003 साली अहवाल दिला आणि खटल्यात पीडिताला सहभागाचा हक्क असावा असे सांगितले. त्या अहवालातील इतर अनेक सूचना वादग्रस्त ठरल्या, विशेषतः आरोपीच्या संरक्षणाला धक्का लावणाऱ्या. पण पीडिताचा विचार झाला पाहिजे, यावर फारसे दुमत नव्हते.

प्रत्यक्ष कायदा बदलायला 2008 साल उजाडले, आणि ती दुरुस्ती लागू झाली 31 डिसेंबर 2009 ला. तेव्हा पहिल्यांदा 'पीडित' या शब्दाची व्याख्या प्रक्रिया संहितेत आली. आरोपी निर्दोष सुटला तर अपील करण्याचा हक्क पीडिताला मिळाला. सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी स्वतःचा वकील नेमण्याची मुभा मिळाली. आणि 357-अ या कलमाने प्रत्येक राज्याला भरपाईची योजना करणे भाग पडले.

दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला आणि 2013 मध्ये कायदा पुन्हा बदलला. अत्याचारग्रस्त स्त्रीवर आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितावर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार केले पाहिजेत, हे तेव्हापासून कायद्यात आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने 'मनोधैर्य' योजना सुरू केली.

न्यायालयांनीही वाट दाखवली. 2013 साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, भरपाई द्यायची की नाही याचा विचार करणे हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य आहे. तो मुद्दा न्यायाधीशाने नुसता सोडून देता येणार नाही. एप्रिल 2022 मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. तपासापासून अपिलापर्यंत, जामिनाच्या सुनावणीतसुद्धा, पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे असे सांगून उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला.

संसदेत छाननी कशी झाली?

तिन्ही विधेयके 11 ऑगस्ट 2023 ला लोकसभेत मांडली गेली. ती थेट मंजूर न करता गृह मंत्रालयाशी संबंधित संसदीय स्थायी समितीकडे सोपवली गेली आणि समितीला तीन महिन्यांची मुदत मिळाली. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक व खासदार ब्रिज लाल हे समितीचे अध्यक्ष होते. 10 नोव्हेंबरला समितीचे अहवाल सादर झाले. विरोधी पक्षांच्या काही सदस्यांनी असहमतीची टिपणे जोडली. दीडशे वर्षांचा कायदा बदलताना पुरेसा वेळ दिला गेला नाही, तज्ज्ञांचे पुरेसे ऐकले गेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

तरीही समितीच्या कामाचा उपयोग झाला. आधीची विधेयके मागे घेऊन 12 डिसेंबरला सुधारित विधेयके आली आणि त्यांत अनेक ठिकाणी भाषा बदलली होती. सामुदायिक सेवेची शिक्षा म्हणजे नेमके काय, याची व्याख्या आली. बेडी घालण्याच्या तरतुदीतून आर्थिक गुन्हे वगळले गेले. कायद्याचा मसुदा चार डोळ्यांनी वाचला तर त्यातील खड्डे दिसतात, हे यातून पुन्हा सिद्ध झाले.

पण शेवटचा टप्पा मनाला चटका लावणारा होता. 20 डिसेंबरला लोकसभेने आणि 21 डिसेंबरला राज्यसभेने ही विधेयके मंजूर केली, तेव्हा दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षांचे 140 हून अधिक खासदार निलंबित होते. प्रत्येक भारतीयाच्या स्वातंत्र्याशी आणि सुरक्षिततेशी जोडलेल्या कायद्यांवर प्रश्न विचारणारे बाक बव्हंशी रिकामे होते. हा कोणत्या एका पक्षाचा प्रश्न नाही. सभागृहात जो प्रश्न विचारला जात नाही, त्याचे उत्तर पुढे कुणाला तरी कोर्टाच्या व्हरांड्यात शोधावे लागते.

पीडिताच्या पदरात काय पडले?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत काही गोष्टी खरोखर उपयोगाच्या आहेत आणि त्या माहीत असायलाच हव्यात.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती पाठवता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे, हे कलम 173 सांगते. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन कलम 193 ने पोलिसांवर घातले आहे. पीडिताने वकील नेमला असेल तर आरोपपत्र आणि सोबतची कागदपत्रे त्यालाही मिळतात.

कलम 360 विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला तशी परवानगी देता येत नाही. दंगलींचे खटले राजकीय सोयीने मागे घेतले जातात अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. जिचे घर जळाले तिला विचारल्याशिवाय आता हे करता येणार नाही. अर्थात, तिला हे कलम माहीत असले तरच.

भरपाईची तरतूद कलम 396 मध्ये आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी, किंवा आरोपी सापडलाच नाही तरी, पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मिळू शकते. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी असे कायदा म्हणतो. तातडीची अंतरिम मदतही मागता येते. स्त्रियांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 2018 ची योजना आहे. तिच्यात बलात्कारासाठी 4 ते 7 लाख आणि ॲसिड हल्ल्याने चेहरा विद्रूप झाल्यास 7 ते 8 लाख रुपये अशा रकमा ठरवल्या आहेत. पैशाने जखम भरत नाही, हे खरे. पण घरातला कमावता हात गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये, भाडे थकू नये, यासाठी तो पैसा वेळेवर येणे फार मोलाचे असते.

झुंडीचा गुन्हा, कायद्यातला शब्द

आपल्या वाचकांच्या मनात ज्या गुन्ह्याची भीती गेली काही वर्षे घर करून आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या घटनांवर सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी, जलदगती सुनावणी, शक्यतो सहा महिन्यांत निकाल, पीडित कुटुंबाला मोफत कायदेशीर मदत, आणि घटनेपासून 30 दिवसांत अंतरिम भरपाई. संसदेने यासाठी स्वतंत्र गुन्हा निर्माण करण्याचा विचार करावा असेही न्यायालयाने सुचवले.

नव्या न्याय संहितेच्या कलम 103 (2) मध्ये तो गुन्हा आला. पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. ऑगस्टच्या पहिल्या मसुद्यात किमान सात वर्षांच्या शिक्षेचाही पर्याय होता. म्हणजे एकट्याने केलेल्या खुनापेक्षा झुंडीने केलेला खून स्वस्त! डिसेंबरच्या मसुद्यात तो पर्याय काढून टाकला गेला. छाननीचे मोल यापेक्षा अधिक स्पष्ट कसे करावे?

तरी एक शब्द खटकतो. कलमाच्या यादीत 'धर्म' हा शब्द थेट आलेला नाही. 'समुदाय', 'वैयक्तिक श्रद्धा' आणि 'तत्सम कारण' यांतून तो वाचावा लागतो. शिवाय कलमात शिक्षा आहे. भरपाईची मुदत, कुटुंबाचे संरक्षण, अधिकाऱ्याची जबाबदारी हे 2018 च्या निर्देशांतले भाग त्यात उतरलेले नाहीत.

जे सुटून गेले

बिल्किस बानो यांचा लढा देशाला ठाऊक आहे. गुजरातमध्ये निष्पक्ष सुनावणी होणार नाही म्हणून 2004 साली त्यांचा खटला मुंबईला आणला गेला आणि 2008 मध्ये इथल्याच विशेष न्यायालयाने 11 जणांना जन्मठेप दिली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 50 लाख रुपये, नोकरी आणि घर देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. पण 15 ऑगस्ट 2022 ला तेच 11 जण शिक्षामाफीवर बाहेर आले. पुन्हा लढून 8 जानेवारी 2024 रोजी त्यांनी तो निर्णय रद्द करून घेतला. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने माफीचा निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच, असे न्यायालयाने ठरवले.

या लढ्यातून कायदे करणाऱ्यांनी घ्यायचा धडा सरळ होता. शिक्षामाफीचा विचार होताना पीडिताला आधी कळवावे आणि तिचे ऐकावे. खटला मागे घेताना जो हक्क दिला, तो माफीच्या वेळी स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. तसाच जामिनाच्या सुनावणीतील हक्क न्यायालयाने सांगितला, पण संहितेने तो सर्व गुन्ह्यांसाठी लिहून ठेवला नाही.

साक्षीदारांचे संरक्षण हाही मोठा प्रश्न. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि कायदा होईपर्यंत तिलाच कायदा मानावे असे सांगितले. महाराष्ट्राने तर 2017 मध्येच स्वतंत्र कायदा केला. नव्या संहितेचे कलम 398 प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असे सांगते, पण ती किती दिवसांत आणि कोणत्या खर्चातून, यावर ते गप्प आहे.

आणि एक वेगळ्या प्रकारचा पीडितही आहे. 2006 साली मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात जुम्याच्या दिवशी स्फोट झाले. ज्यांची माणसे गेली ते पीडित. त्या प्रकरणात मुस्लिम तरुणांना पकडले गेले. पाच वर्षे त्यांनी तुरुंगात काढली आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ते आणि त्यांची कुटुंबेही पीडितच नव्हेत काय? विधी आयोगाने 2018 साली 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाई मिळावी, त्यासाठी कायद्यात तरतूद करावी, अशी शिफारस केली होती. 2023 च्या संहितेत ती आली नाही.

म्हणूनच पीडिताचा कैवार घेताना आरोपीचे हक्क कमी करा, ही मागणी आपण कधीही करू नये. निष्पाप माणूस तुरुंगात गेला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि पीडिताला न्याय दोनदा नाकारला जातो. देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण अजून कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला लवकर चालणे यात आरोपीचे हित आहे, तसेच पीडिताचेही.

आपल्या हातात काय?

कायदे दिल्लीत होत असले तरी फौजदारी प्रक्रिया हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचाही आहे. भरपाईचा निधी, पोलिसांचे प्रशिक्षण, सरकारी वकिलांच्या नेमणुका हे राज्याच्या हातात. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये आलेले 'शक्ती' विधेयक संयुक्त समितीकडे पाठवले, वर्षभराने बदल करून मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. शिक्षेचे आकडे वाढवण्यावर आपल्याकडे चर्चा भरपूर होते. पण आपल्या जिल्ह्यात भरपाईचे किती अर्ज पडून आहेत, त्याला काय कारण आहे, हा प्रश्न आमदारांना कोण विचारतो? हा प्रश्न आपण विचारू शकतो. निवडणुकीच्या सभेत, मोहल्ल्याच्या बैठकीत, लेखी निवेदनातून.

घरापुरते बोलायचे तर काही गोष्टी आजच करता येतील. फ्रीजवर किंवा दाराच्या आत एक कागद चिकटवा : तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. घरातल्या मुलींना आणि सुनांना हे नंबर पाठ असू द्या. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून परतू नका. दवाखान्याच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. भरपाईचा अर्ज निकालाची वाट न पाहता जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्या. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि एक काम समाजाचे. एखाद्या घरावर असा प्रसंग आला की पहिले आठ दिवस माणसांची रीघ लागते, जेवणाचे डबे येतात, नेते भेटून फोटो काढून जातात. चाळीस दिवस उलटले की दार वाजत नाही. खटला मात्र त्यानंतरच सुरू होतो. अत्याचार झालेल्या मुलीच्या बाबतीत तर अनेकदा तिच्याच घराण्याच्या अब्रूची चर्चा होते आणि "जाऊ द्या, मिटवून टाका" असा सल्ला आपलेच वडीलधारे देतात. ही माणसे वाईट नसतात, घाबरलेली असतात. पण त्या सल्ल्याने गुन्हेगाराचे काम सोपे होते.

प्रत्येक जमातीत, प्रत्येक मशिदीच्या कमिटीत दोन-तीन शिकलेले तरुण आणि एखादी जाणकार आपा यांनी एवढे जरी ठरवले की, आपल्या वस्तीतल्या पीडित कुटुंबासोबत दर तारखेला कुणीतरी एक जण कोर्टात जाईल, तर फार मोठे काम होईल. त्यांना वकिली करायची नाही. फक्त आज काय झाले ते विचारायचे, पुढची तारीख लिहून घ्यायची, आणि परतताना त्या आईला चहा पाजायचा.

मग पुढच्या वेळी कुणी तिला विचारले, "खाला, आज कोर्टात काय आहे?" तर तिला सांगता येईल.